सांगलीत बसून पुण्यात भाड्याचं घर: आधी माणूस, मग कागद, मग पैसे

ऑफर लेटर हातात पडतं, जॉइनिंगला दोन-तीन आठवडे असतात, आणि सांगलीच्या विश्रामबागेत किंवा साताऱ्याच्या गोडोलीत सोफ्यावर बसून पुण्यातले फ्लॅट बघायला सुरुवात होते. वडील भाड्याचा आकडा बघून दचकतात, आई विचारते पाणी किती वेळ येतं, आणि पोरगं एकामागून एक फोटो सरकवत असतं. सांगलीहून पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, एसटीनं पाच तास. एक घर बघायचं तर अख्खा दिवस मोडतो. त्यामुळे होईल तेवढं काम फोनवरच उरकावंसं वाटतं. बरंचसं उरकतंही. पण सगळं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लांबून घर शोधणारे घराची चौकशी भरपूर करतात आणि घर देणाऱ्याची अजिबात करत नाहीत. घर मनासारखं निघालं नाही तर काही महिन्यांनी बदलता येतं. डिपॉझिट भलत्याच्या खात्यात गेलं तर ते परत मिळवताना नोकरीचं पहिलं वर्ष जातं. म्हणून आधी माणूस तपासायचा, मग कागद, आणि पैसे शेवटी. हा क्रम उलटा करायची ज्याला घाई आहे, त्याचं घर कितीही झकास असलं तरी सोडून द्यायचं.

एरिया

आपल्याकडच्या माणसाला पुण्यात पहिल्यांदा आठवतं ते कात्रज, आंबेगाव, नऱ्हे, धायरी. बोगदा ओलांडला की आलंच, शनिवारी गावाकडं निघायला हायवे हाताशी, आणि शेजारी कुणीतरी कराडचं नाहीतर तासगावचं भेटतंच. पण गावी महिन्यातून दोनदा जायचं असतं आणि ऑफिसला रोज. नोकरी हिंजवडीत असेल तर या पट्ट्यातून नवले पूल, वारजे, चांदणी चौक, वाकड असा सगळा बायपास रोज दोनदा तुडवावा लागतो. खराडीत असेल तर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जायचं. मोबाइलच्या नकाशावर अंतर बघताना रविवारी दुपारी बघू नका. निघण्याची वेळ सोमवार सकाळी नऊ अशी टाका आणि मग किती मिनिटं दाखवतोय ते बघा. दोन हजार रुपये भाडं जास्त देऊन ऑफिसच्या बाजूला राहणं बऱ्याचदा स्वस्त पडतं. पेट्रोल आणि पाठीचं दुखणं दोन्ही वाचतं.

पुराची चौकशी करायला सांगलीकराला शिकवायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे इथं शाळकरी पोरांनाही पाठ. २००५, २०१९, २०२१ ही सालं नुसती उच्चारली तरी पुरतात. पण हाच माणूस पुण्यात घर बघताना तो प्रश्न विसरतो. सप्टेंबर २०१९ मध्ये पुण्यात आंबिल ओढ्याच्या पुरानं वस्त्यांत आणि सोसायट्यांत पाणी घुसलं होतं. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून विसर्ग वाढल्यावर सिंहगड रोडची एकतानगरी पाण्यात होती. नदी किंवा ओढ्याजवळ तळमजला घेत असाल तर पाणी कुठवर आलं होतं ते विचारा, आणि वॉचमनला विचारा. मालक म्हणणारच, आमच्याकडं कधी येत नाही.

उन्हाळ्याचा प्रश्न याच्या उलटा. शहराच्या कडेनं वाढलेल्या बऱ्याच सोसायट्या टँकरवर चालतात. ‘चोवीस तास पाणी’ म्हणजे टाकीत चोवीस तास. टाकीत ते कुठून येतं आणि टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे, हे स्वतंत्र विचारावं लागतं.

जाहिरात

नोब्रोकर, मॅजिकब्रिक्स, ९९एकर्स, हाउसिंग आणि फेसबुकवरचे ग्रुप, सगळीकडे तीच घरं फिरत असतात. जाहिरातीतला चौरस फुटांचा आकडा बहुतेक वेळा सुपर बिल्टअप असतो, म्हणजे जिना, लिफ्ट, भिंती यांचा वाटाही त्यात धरलेला. तुम्ही राहणार कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेत. जाहिरातीतले ६५० आत जाऊन मोजले तर ४५० भरणं ही नेहमीची गोष्ट आहे, तेव्हा ‘कार्पेट किती?’ एवढंच विचारा. ‘सेमी फर्निश्ड’ म्हणजे पंखे, ट्यूब, किचन ट्रॉली आणि नशीब असेल तर एक कपाट. ‘फॅमिली ओन्ली’ म्हणजे एकट्या पोराला नाही, एकट्या पोरीला तर त्याहून नाही. आणि पहिल्याच फोनला ‘आडनाव काय?’ असा प्रश्न आला तर त्यामागं काय आहे ते आपल्याला कळतं. त्या घरात अकरा महिने काढायचे का, हे तेव्हाच ठरवलेलं बरं.

फोटो चकचकीत, जागा मोक्याची आणि भाडं आसपासच्या घरांपेक्षा बरंच कमी, असं तिन्ही एका जाहिरातीत दिसलं तर सावध व्हा. अशा जाहिरातीतला मालक बहुधा ‘बाहेरगावी’ असतो. घर दाखवायला माणूस पाठवतो, पण आधी गेटपाससाठी किंवा ‘व्हिजिट कार्ड’साठी दोन-तीन हजार भरा म्हणतो, भेट झाली की परत देणार. घर दाखवण्यासाठी खरा मालक कधी पैसे घेत नाही. दुसरा प्रकार लष्करी अधिकाऱ्याच्या वेषातला. व्हॉट्सॲपवर वर्दीतला फोटो, ओळखपत्र, कँटीन कार्ड, आणि ‘माझी बदली झालीय, घर विश्वासू माणसाला द्यायचंय’ असं सालस बोलणं. सातारा जिल्ह्यात, जिथं अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे आणि घराघरांत फौजेत गेलेला माणूस आहे, तिथं वर्दी बघितली की आपण निम्मे निर्धास्त होतो. या लोकांना ते बरोबर ठाऊक असतं.

यूपीआयच्या बाबतीत एकच गोष्ट पक्की धरा: पिन टाकायला लागली म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे जाणार. पैसे यायला पिन लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. ‘एक रुपया पाठवा, मी दोन पाठवतो, खातं व्हेरिफाय होईल’ हे ऐकलं की फोन ठेवा. तरीही पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यांत वळायच्या आत गोठवता येण्याची शक्यता असते. दोन दिवसांनी ती फारशी उरत नाही.

घर कुणाचं आहे?

हे सांगलीत बसून होतं, आणि फुकटात होतं. मालकाकडं इंडेक्स टूचा फोटो मागा. घराचं खरेदीखत नोंदवलं की नोंदणी कार्यालयातून हा उतारा निघतो. त्यात घेणारा कोण, देणारा कोण, फ्लॅट नंबर काय, सगळं असतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर तो शोधण्याचीही सोय आहे. जोडीला लाइट बिल मागा. महावितरणच्या बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो, त्यावरून कंपनीच्या साइटवर बिल बघता येतं. इंडेक्स टूवरचं नाव, बिलावरचं नाव आणि ज्या बँक खात्यात तुम्ही डिपॉझिट टाकणार त्या खात्याचं नाव, ही तीन नावं जुळली पाहिजेत. बिल आधीच्या मालकाच्या नावावर राहिलेलं असू शकतं, तेवढं चालतं. खातं एजंटच्या नावावर असणं मात्र अजिबात चालत नाही.

कधी घर वडिलांच्या नावावर असतं आणि व्यवहार मुलगा बघतो. मग कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) आहे का ते विचारा, नाहीतर सरळ करारावर वडिलांची सही घ्या. ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असं कुणी म्हणालं तर ‘विश्वास आहे काका, पण बाबांना दाखवायला लागतं’ एवढं म्हणायचं. आपल्याकडं हे वाक्य कुणालाच लागत नाही.

करार

आता जिथं सगळे जांभया देतात तो भाग. खरं तर भाडेकरूच्या हातात जे काही बळ असतं ते सगळं इथंच आहे.

अकरा महिन्यांचा करार का? १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ नुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. नोंदणीचे खेटे आणि खर्च टाळायला देशभर लोकांनी मुदतच एका महिन्यानं कमी करून टाकली. महाराष्ट्रात मात्र ही वाट बंद आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याचं कलम ५५ सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदणी करायची जबाबदारी मालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसताना अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. म्हणजे ‘नोटरी करून टाकू, स्वस्तात होईल’ असं जो एजंट म्हणतो तो दोघांचंही नुकसान करतो. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

मग हे लिव्ह अँड लायसन्स काय आहे? १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी गोठली आणि भाडेकरूला उठवणं महामुश्कील झालं. सांगलीच्या गावभागात, साताऱ्याच्या पेठांत जुन्या वाड्यांतून नाममात्र भाड्यावर पिढ्या काढलेली बिऱ्हाडं आपण पाहिली आहेत. त्या धास्तीनं मालकांनी भाडेपट्टा देणंच सोडलं आणि १८८२ च्या सुखाधिकार कायद्यातला ‘परवाना’ पकडला. यात तुम्हाला जागा वापरायची परवानगी मिळते, जागेत हक्क मिळत नाही. एसटीच्या आरक्षणासारखं: स्वारगेटपर्यंत सीट तुमची, कुणी उठवू शकत नाही, पण स्वारगेट आलं की उतरायचं. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडं जातो आणि दुप्पट दरानं भरपाई मागू शकतो.

खर्च ऐकून बरेच जण चकित होतात, कारण तो फारच कमी आहे. मुद्रांक शुल्क म्हणजे करारातलं एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. भाडं १८ हजार आणि डिपॉझिट ५४ हजार असेल तर अकरा महिन्यांचं भाडं १,९८,०००, व्याज ४,९५०, बेरीज २,०२,९५०. त्याचे पाव टक्का म्हणजे पाचशेच्या जरा वर. नोंदणी फी शहरी भागात १ हजार, ग्रामीण भागात ५००. म्हणजे सरकारी खर्च दीड हजाराच्या आसपास. एजंट चार-पाच हजार मागत असेल तर वरचे पैसे त्याच्या धावपळीचे आहेत. ते द्यायला हरकत नाही, पण सरकारच्या नावावर खपवले जात असतील तर पावती मागा. आणि हे कोण भरणार, निम्मं-निम्मं की पूर्ण तुम्ही, ते आधी बोलून घ्या.

लांबच्या माणसाच्या सोयीची गोष्ट म्हणजे ही नोंदणी ऑनलाइन होते. आधारवर अंगठ्याची ओळख पटवून सह्या होतात, आणि दोघांनी एकाच वेळी एकाच टेबलावर बसायची गरज नसते. मालकाचा अंगठा कोथरूडात आणि तुमचा विश्रामबागेत, असं करून देणारे लोक आहेत. आधार कार्ड, पॅन, फोटो आणि दोन साक्षीदार तयार ठेवा. हाच नोंदलेला करार पुढं गॅस, बँक, आधारवरचा पत्ता बदलणं अशा सगळीकडं उपयोगी पडतो.

मसुदा आला की भाडं आणि तारीख बघून ‘ओके’ पाठवू नका. मला विचाराल तर तीन कलमांवर वेळ घालवा. लॉक-इन, म्हणजे किती महिने घर सोडताच येणार नाही. नवी नोकरी असताना सहा महिन्यांपेक्षा जास्त लॉक-इन मान्य करू नये, कारण कंपनी कधी ऑफिस बदलेल सांगता येत नाही. नोटीस, जी दोन्ही बाजूंना सारखी हवी; मालकाला एक महिना आणि तुम्हाला दोन, असला प्रकार गुपचूप घातलेला असतो. आणि डिपॉझिट परत कधी व त्यातून काय कापणार. ‘घर सोडताना रंगकामाचे पैसे कापले जातील’ अशी ओळ सर्रास असते. आकडा लिहून घ्या, नाहीतर तो त्या दिवशीच्या मूडवर ठरतो.

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं हे मालकाचं काम, पण कागद तुमचे लागतात. सोसायटीही फॉर्म भरून घेते. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. हा बोजा मालकाचा, तो भाड्यात गुपचूप चढवलाय का ते बघा.

किती पैसे लागतील?

वरचंच उदाहरण घेतलं तर पहिल्या दिवशी १८ हजार भाडं, तीन महिन्यांचं ५४ हजार डिपॉझिट आणि एक महिन्याची ब्रोकरेज धरली तर आणखी १८, म्हणजे ९० हजार. करार, टेंपो, गादी, शेगडी वेगळं. पहिला पगार व्हायच्या आत लाखभर रुपये घरातून जातात, हे पोरांना शेवटच्या आठवड्यात कळतं. डिपॉझिट किती घ्यावं याला महाराष्ट्रात पक्की मर्यादा नाही. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण तो राज्यानं स्वीकारला तरच लागू होतो. तेव्हा घासाघीस हाच उपाय. टोकन, म्हणजे घर अडवून ठेवायची आगाऊ रक्कम, द्यावंच लागलं तर दोन-चार हजारांवर जाऊ नका, आणि ‘करार झाला नाही तर टोकन परत’ एवढं मालकाकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

बघायला कोण जाणार?

पुण्यात सांगलीच्या प्रत्येकाचा एक तरी मावसभाऊ असतो. त्याला नुसतं ‘जरा बघून ये’ म्हटलं तर तो जाऊन येतो आणि ‘चांगलंय’ म्हणतो. त्याला कामं द्या. व्हिडिओ कॉल गेटपासून चालू करायचा, म्हणजे बिल्डिंगचं नाव आणि लिफ्ट दिसते. आत गेल्यावर आधी बाथरूमचा नळ पूर्ण सोडायचा, मग तो तसाच ठेवून किचनचा सोडायचा. दुसरा सुरू झाल्यावर पहिल्याची धार करंगळीएवढी झाली तर सकाळी आठ वाजता तिथं काय होणार ते तुम्हाला सांगलीत दिसतं. बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीवर तळहात ठेवायला सांगा, ओल हाताला कळते, नवीन रंगाखालीही. खिडकी उघडून मिनिटभर कुणी बोलायचं नाही, रस्त्याचा आवाज ऐकायचा. तुमच्याच कंपनीचं सिम असेल तर आतल्या खोलीत रेंज किती ते बघायचं. आणि खाली उतरल्यावर वॉचमनशी दोन मिनिटं, एजंट नसताना.

मावसभाऊ नसेल तर आठ-दहा दिवस पीजीत काढा आणि शनिवार-रविवारी स्वतः फिरा. पीजीचे चार-पाच हजार जास्त गेले असं वाटतं, पण न बघता घेतलेल्या घराचं लॉक-इन त्याहून महाग पडतं.

बेंगळुरूला जाणार असाल तर

मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस धरली की ती दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडं उतरवते, म्हणून आपल्याकडची बरीच पोरं बेंगळुरूला जातात. तिथं वरचे महाराष्ट्राचे नियम चालत नाहीत. अकरा महिन्यांचा करार मुद्रांक कागदावर करून काम भागवायची रीत आहे. डिपॉझिट दहा महिन्यांचं मागायची तिथली जुनी पद्धत. हल्ली पाच-सहावर येतात, पण बोलावं लागतं. आणि जाहिरातीत ‘लीज’ दिसलं तर थांबा. तिथं याचा अर्थ असा की काही लाख रुपये एकरकमी द्यायचे, दोन-तीन वर्षं महिन्याचं भाडं नाही, सोडताना रक्कम परत. आपल्याकडं याला हेवी डिपॉझिट म्हणतात. हिशेब गोड वाटतो, पण मालकानं घरावर कर्ज काढून हप्ते थकवले असतील तर बँक घराचा ताबा घ्यायला येते आणि तुमचे लाख त्याच्याकडं अडकतात. मधला माणूस तुमच्याकडून लीजची रक्कम घेतो आणि मालकाला भाडेकरू म्हणून महिन्याचं भाडं देत राहतो, एक दिवस द्यायचं बंद करतो, असंही झालेलं आहे. पहिल्या नोकरीत या भानगडीत पडू नये.

किल्ली हातात आली की सामान आत न्यायच्या आधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा: भिंतीवरचे डाग, तुटकी टाइल, गळकी फ्लश टाकी, सगळं. मीटरवरच्या रीडिंगचा फोटो काढा आणि त्याच दिवशी मालकाला पाठवा. भाडं रोख देऊ नका, खात्यावरच टाका. जुन्या करप्रणालीत एचआरएची (घरभाडे भत्त्याची) सवलत घेणार असाल आणि वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर जात असेल, तर ऑफिसला मालकाचा पॅन द्यावा लागतो. तो करारावर आला आहे ना, ते सही करतानाच बघा. मार्चमध्ये पॅन मागायला फोन केला की बरेच मालक नेमके रेंजच्या बाहेर असतात.